रिकाम्या हाताची थरथर

वस्तरा धरलेल्या हातावर माणूस जेवढा विश्वास टाकतो, तेवढा तो डॉक्टरवर, वकिलावर किंवा स्वतःच्या बायकोवरही टाकत नाही. मान मागे टाकायची, डोळे मिटायचे आणि आपला गळा निमूटपणे दुसऱ्याच्या स्वाधीन करायचा, याहून मोठी श्रद्धा जगात नाही. अप्पांचा उजवा हात थरथरायला लागला, तेव्हा ही श्रद्धा महिन्याभरात दाढी वाढवून मोकळी झाली.

गिऱ्हाइकं सभ्य होती, त्यामुळे तोंडावर कोणी काही बोललं नाही. वकीलसाहेब म्हणाले, "अप्पा, विश्वासाचा प्रश्नच नाही. आमच्या बायकोला आता दाढी आवडायला लागलीय." वकीलसाहेबांची बायको गेली कित्येक वर्षं वेगळी राहत होती. एका बँकवाल्याच्या कातडीला अचानक वस्तरा सोसेनासा झाला. चष्मेवाल्यानं तर कारणही दिलं नाही. अप्पांच्या सलूनसमोरून जावं लागू नये म्हणून तो रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूनं जाऊ लागला. त्याचं दुकान सलूनला अगदी लागून होतं, त्यामुळे त्याला बराच फेरा पडायचा.

वास्तविक थरथर होती ती रिकाम्या हाताची. हात खुर्चीच्या पाठीवर नुसता टेकलेला असला, की अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर फिरत राहायची, जणू न दिसणारी गोळी वळतायत. हाताला कात्री मिळाली की बोटं शहाण्यासारखी वागायची. पण गिऱ्हाईक दारातून आत येताना बघतं तो हात रिकामाच असतो आणि हात कामाला लागतो तेव्हा गिऱ्हाइकाचे डोळे मिटलेले असतात. अप्पांच्या हाताची जी बाजू ठीक होती, तिला साक्षीदार नव्हता.

आजार काही त्याच महिन्यात आला नव्हता. तो बराच आधी येऊन बसला होता, फक्त त्यानं आवाज केला नव्हता. अप्पांना वास येईनासा झाला होता, म्हणून ते दाढीनंतरचं लोशन हात सैल सोडून ओतायचे. गिऱ्हाईक घरी पोचलं की त्याच्या घरच्या खिडक्या उघडल्या जायच्या. मग चेहरा थिजला. गिऱ्हाइकाच्या विनोदाला हसणं हे सलूनमध्ये साबण लावण्याइतकंच कामाचा भाग असतं. वकीलसाहेबांच्या हुकमी विनोदावर अप्पांचा चेहरा पाटीसारखा कोरा राहिला, तेव्हा म्हातारा माजला असं सर्वानुमते ठरलं.

"तो विनोद मीही ऐकलाय," अप्पांची बायको म्हणाली. तिला घरातच नव्हे, सगळ्या गल्लीत आई म्हणत. "त्यावर न हसायला आजार कशाला लागतो?"

पण चालताना अप्पांचा एकच हात हलतो आणि दुसरा खिशात ठेवल्यासारखा लटकतो, हे तिनंच पाहिलं. शर्टाची बटणं लावायला त्यांना आता वर्तमानपत्र वाचून होईल इतका वेळ लागतो, हेही तिनंच पाहिलं. आणि एका सकाळी तिनंच त्यांना मेंदूच्या डॉक्टरबाईंकडे नेलं.

डॉक्टरबाईंनी अप्पांना बोटं आपटायला लावली, चालायला लावलं, वळायला लावलं, मनगट धरून हळूहळू फिरवून पाहिलं. मग म्हणाल्या, "पार्किन्सन्स आहे. कंपवात म्हणतात तो."

"बरा होतो?" आईनं विचारलं.

"समूळ जात नाही. पण ताब्यात राहतो, आणि नीट वागलात तर बरीच वर्षं चांगली जातात. गोळी ठरल्या वेळी, रिकाम्या पोटी, पाण्याबरोबर. अंग हलतं ठेवायचं. काय काम करता?"

"सलून आहे," अप्पा म्हणाले.

"मग तेही चालू ठेवा. जमेल तेवढं."

एवढं स्पष्ट सांगितल्यावर खरं तर गोष्ट इथंच संपायला हवी. पण अप्पांना दोन मुलं होती, आणि दोघांचाही बापावर जीव होता.

थोरला एका मोठ्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी होता. त्याच्या कारकिर्दीत तिथं एकही अपघात झाला नव्हता. त्याचं एक कारण असं, की त्यानं परवानगी न दिल्यामुळे बरीचशी कामं झालीच नव्हती. धाकटी व्यायामशाळेत शिकवायची. जगातलं बहुतेक दुःख प्रथिनांच्या कमतरतेतून येतं, असं तिचं ठाम मत होतं, आणि तिचे दंड पाहून कोणी वाद घालत नसे.

थोरला रजा टाकून आला तो हातात मोजपट्टी घेऊनच. त्यानं घराची पाहणी केली. आल्या आल्या त्यानं दारातली सतरंजी गुंडाळून माळ्यावर टाकली. नंतर न्हाणीघरात धरायला दांडा बसवला. हे दोन्ही चांगलं केलं. पण चांगलं करून थांबायची त्याला सवय नव्हती. बिछान्यापासून न्हाणीघराच्या दारापर्यंत त्यानं सगळ्या फरशीवर राखाडी रबराची मॅट अंथरली. एकसंध, न घसरणारी, कुठं जोड नाही, कुठं रेघ नाही. घर कारखान्याच्या गोदामासारखं दिसायला लागलं.

"कसं वाटतंय?" त्यानं विचारलं.

"माल कधी उतरवणार?" आईनं विचारलं.

धाकटीनं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. सकाळची गोळी रिकाम्या पोटी हे ऐकून तिनं कपाळाला हात लावला. "एवढी कडक गोळी रिकाम्या पोटी? आई, तू कुठल्या जमान्यात आहेस? आतडी जळतील त्यांची."

"डॉक्टरबाई म्हणाल्या..."

"डॉक्टर मेंदूच्या आहेत. पोटाचं मी बघते."

दुसऱ्या दिवसापासून गोळी मोठ्या ग्लासभर दुधाबरोबर जाऊ लागली. दुधात प्रथिनांची पावडर आणि बाजूला उकडलेली अंडी. अप्पा गोळी कशाही बरोबर गिळायला तयार होते, कारण त्यांचा खरा मुद्दा वेगळा होता आणि तो अजून कोणी काढला नव्हता. तो संध्याकाळी थोरल्यानं काढला.

"अप्पा, सलून आता बंद."

"आजपर्यंत कोणाला कापलंय यांनी?" आई म्हणाली.

"आई, अपघात होईपर्यंत तो कधीच झालेला नसतो."

"मग तू जन्माला आलास तेव्हाही आधी विचारायला हवं होतं म्हणजे."

"विनोद नकोत. धारदार हत्यार, थरथरणारा हात आणि दुसऱ्याचा गळा. आमच्याकडे अशी तिन्ही कलमं एकत्र आली, तर अख्खा विभाग रिकामा करतात. सहा महिने पूर्ण आराम. मग बघू." असं म्हणून त्यानं सलूनची किल्ली खुंटीवरून काढली आणि स्वतःच्या जुडग्यात अडकवली.

अप्पा काहीतरी म्हणाले. त्यांचा आवाज हल्ली शर्टाच्या दुसऱ्या बटणापर्यंतच पोचायचा.

"काय म्हणाले?" धाकटीनं विचारलं.

"बरं म्हणाले," थोरला म्हणाला.

आईला ऐकू आलं होतं. अप्पा म्हणाले होते, "खुर्ची माझी आहे."

आराम हा असा व्यवसाय आहे, की त्यात पडायला अनुभव लागतो. अप्पांना तो मुळीच नव्हता. ते खिडकीशी बसायचे. हाताला काम नाही, म्हणून हात दिवसभर हलायचा. हात हलतो म्हणून त्याला काम द्यायचं नाही, असं हे चक्र फिरत होतं. चेहरा कोरा, आवाज बारीक. थोरला रोज फोन करून विचारी, "मूड कसा आहे?" आणि धाकटी चेहऱ्याकडे बघून सांगे, "उदास." एकदा अप्पा मनातल्या मनात एक जुना किस्सा आठवून मनापासून हसत होते, तेव्हाही तिनं उदासच सांगितलं.

पंधरवड्यात पाय चिकटायला लागले. अप्पा बिछान्यावरून उठायचे, मॅटवरून चार बारीक बारीक पावलं टाकायचे आणि न्हाणीघराच्या दाराशी आले, की उभेच. पाय जमिनीत खिळल्यासारखे. धड पुढं जायचं म्हणतंय, पाय नाही म्हणतायत. आठवड्याच्या सुटीला आलेल्या थोरल्यानं हे पाहिलं आणि त्यांचे दोन्ही हात धरून ओढलं. "चला, अप्पा, चला. एवढंच तर आहे." वरचे अप्पा आले, खालचे आले नाहीत. दोघं मिळून दांड्यावर आदळले. दांडा मजबूत बसवलेला होता, म्हणून निभावलं.

"झपाट्यानं वाढतोय," थोरला बाहेर येऊन धाकटीला म्हणाला. "दुकान द्यायलाच हवं कोणाला तरी. खुर्च्याही काढून टाकू."

आतून सगळं ऐकू येत होतं. पार्किन्सन्समध्ये वास जातो, आवाज जातो, पण कान जात नाहीत. ही गोष्ट माणसं फार लवकर विसरतात.

दुसऱ्याच दिवशी सकाळी चष्मेवाल्याचा फोन आला. रस्ता ओलांडून जाणारा माणूस आता ओरडत होता. सलूनमधला नळ फुटला होता आणि पाणी भिंतीखालून त्याच्या दुकानात येत होतं. चष्म्याच्या रिकाम्या डब्या तरंगत होत्या. पाणी बंद करायची चावी कुठं आहे हे फक्त अप्पांना माहीत होतं आणि ते सांगण्यापेक्षा नेणं सोपं होतं. घाईघाईत गोळी नुसत्या पाण्याबरोबर पोटात गेली. दूध आणि अंडी टेबलावरच राहिली. धाकटी मागून ओरडत होती, पण तोवर अप्पा, आई आणि थोरल्याला घेऊन रिक्षा सुटली होती.

सलूनपर्यंत पोचायला आणि कुलूप उघडायला थोडा वेळ गेला, कारण थोरल्याच्या जुडग्यात बऱ्याच किल्ल्या होत्या आणि तो सगळ्या लावून पाहत होता. दार उघडलं. अप्पांनी उंबऱ्याकडे पाहिलं, पाय उचलून तो ओलांडला आणि आतल्या काळ्यापांढऱ्या फरश्यांवरून, पांढरी, काळी, पांढरी, काळी, थेट मागच्या भिंतीपर्यंत गेले. वाकले. मोरीमागे हात घालून चावी फिरवली. पाणी थांबलं. येताना त्यांनी सवयीनं कात्री उचलली, हवेतच दोनचार वेळा कचकच वाजवली आणि आपल्या खुर्चीमागे जाऊन उभे राहिले. कंगव्यावर धूळ होती. तो त्यांनी पुसला.

थोरला घोटाभर पाण्यात उभा होता.

"अप्पा," तो म्हणाला, "तुम्हाला चालता येतंय."

अप्पांनी मान हलवली.

"मग घरी ही नाटकं कशाला? आम्ही रजा टाकून धावतोय, धाकटी तिकडे अंडी उकडतेय, आणि तुम्ही..."

अप्पांचा चेहरा हललाच नाही. त्यामुळे त्यांना ते किती लागलं, हे थोरल्याला कळायचा मार्ग नव्हता. पण आईला कळलं. ती कपडे वर धरून पाण्यातून पुढं आली.

"तुझ्या बापाला नाटक करायचं असतं ना, तर त्यांनी न्हाणीघराच्या दारात नसतं केलं. नाटकाला माणूस चांगली जागा बघतो."

"मग हे काय आहे?"

"ते मला काय विचारतोस? मी काय सुरक्षा अधिकारी आहे?"

म्हणून पुढच्या भेटीला सगळं कुटुंब डॉक्टरबाईंकडे गेलं. खोलीत खुर्च्या कमी होत्या. धाकटी भिंतीला टेकून, हाताची घडी घालून उभी राहिली. थोरल्यानं तक्रार मांडली. कारखान्यात मांडतात तशी, मुद्देसूद. रुग्ण अमुक ठिकाणी चालतो, तमुक ठिकाणी चालत नाही. रुग्णाचा हेतू काय असावा?

डॉक्टरबाईंनी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि धाकटीकडे वळल्या. "सकाळची गोळी कशाबरोबर देता?"

"दूध, दुधात प्रोटीन आणि अंडी," धाकटी म्हणाली. ती बक्षीस घ्यायला पुढं आल्यासारखी भिंतीपासून सुटी झाली होती.

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "या गोळीला पोटातून पुढं सरकायला एक अरुंद दार असतं. प्रथिनं त्याच दारानं जातात. तुम्ही रोज सकाळी दारात मोर्चा उभा करता आणि गोळीला म्हणता, जा बाई तू. ती कशी जाणार?"

"म्हणजे प्रथिनं बंद?"

"अजिबात नाही. अंगात ताकद हवीच. पण भर संध्याकाळच्या जेवणात द्या. गोळी जेवणाच्या अर्धा-पाऊण तास आधी, नुसत्या पाण्याबरोबर. मळमळलं तर एखादं साधं बिस्किट. गेल्या वेळी हेच सांगितलं होतं मी."

आईनं छताकडे पाहिलं.

"नळ फुटला त्या दिवशी दूध राहिलंच," धाकटी हळूच म्हणाली.

"बघा. आता दुकानातली फरशी कशी आहे?"

"काळीपांढरी," थोरला म्हणाला. "जुनाट. कुठं कुठं उखडलीय."

"आणि घरी?"

"घरी मी मॅट घातलीय." त्याचा आवाज जरा उजळला. "राखाडी. पूर्ण एकसंध. एक रेघ दिसायची नाही तुम्हाला."

"तेच तर." डॉक्टरबाई उठल्या आणि टेबलाच्या पुढं आल्या. "हे बघा. आपण चालतो तेव्हा प्रत्येक पाऊल काही आपण ठरवून टाकत नाही. मेंदूतला एक कारकून ते परस्पर करत असतो. यांचा कारकून लांबच्या रजेवर गेलाय. मग साहेबांना स्वतः एकेका पावलावर सही करावी लागते. साहेबांना ते येतं, पण सही कुठं करायची ते दिसायला हवं. फरशीची रेघ दिसली की ते दिसतं. तुम्ही त्यांना कोरा कागद दिलात."

थोरल्यानं खिशातली मोजपट्टी चाचपली. एकसंध मॅटचा एवढा अपमान त्यानं कधी ऐकला नव्हता.

"दांडा उत्तम केलात," डॉक्टरबाई म्हणाल्या. "सतरंजी काढलीत तेही बरोबर. मॅटवर आडव्या पट्ट्या चिकटवा, पावलाएवढ्या अंतरानं. आणि अडकले तर ओढायचं नाही."

"मग काय करायचं?"

"थांबायचं. घाई करायची नाही, चारही बाजूंनी सूचना द्यायच्या नाहीत. त्यांना वजन या पायावरून त्या पायावर घेऊ द्या. मग ठेका द्या. मोजा, टाळी वाजवा, काहीही. कानाला ठेका मिळाला की पाय निघतो."

अप्पा काहीतरी म्हणाले. थोरला बोलायला लागणार होता, पण डॉक्टरबाईंनी हात वर केला. घरात बऱ्याच दिवसांत अप्पांच्या वाक्यासाठी कोणी थांबलं नव्हतं.

"मोठ्यानं बोला," त्या म्हणाल्या. "ओरडताय असं तुम्हाला वाटेल. आम्हाला ते साधं ऐकू येईल."

अप्पांनी छाती भरून घेतली. "कात्री!" ते ओरडले. बाहेर बसलेल्या रुग्णांपैकी एक जण उठून उभा राहिला. "कात्रीचा ठेका चालेल का?"

"चालेल? पळेल!"

तेव्हा आईनं समजावून सांगितलं. केस कापताना दोन कापांच्या मधे सलूनवाले कात्री हवेत नुसतीच वाजवत राहतात. त्यानं काही कापलं जात नाही. फक्त हाताची लय सुटत नाही आणि गिऱ्हाइकाला आपलं काम चालू आहे असं वाटतं. "लग्न झालं तेव्हा हे झोपेतही बोटं वाजवायचे," ती म्हणाली. "मला वाटलं, माझे केस कापायचा विचार आहे."

थोरल्याकडे अजून एक मुद्दा शिल्लक होता, आणि तोच खरा होता. "आणि वस्तरा? चालणं वेगळं. वस्तरा तरी धोक्याचा आहे की नाही?"

"असू शकतो," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मी इथं बसून हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही. ही थरथर बहुतेक हात स्वस्थ असतानाची आहे, काम करताना ती दबते. सगळ्यांचं असं नसतं आणि कायम असंच राहीलही असं नाही. तुम्ही यांना काम करताना पाहिलंय का, गोळीचा जोर असताना?"

"नाही."

"मग पाहा. आणि मग बंद करा, नाहीतर उघडा. न पाहता करू नका."

रविवारी पाहायचं ठरलं. मुलांनी घरी परतल्यावर मॅटवर पिवळ्या पट्ट्या चिकटवल्या, आणि थोरल्याला पिवळ्या पट्ट्या कुठून आणायच्या हे सांगावं लागलं नाही. सकाळचं दूध संध्याकाळच्या जेवणात गेलं. चारपाच दिवसांत अप्पा न्हाणीघराच्या दाराशी थांबायचे, दोन्ही पायांवर जरा झुलायचे, आई स्वयंपाकघरातून कात्री वाजवायची आणि ते आत जायचे. एकदा तिनं उगाचच वाजवली, तर ते वर्तमानपत्र वाचता वाचता उठून उभे राहिले. तेव्हापासून तिनं कात्री जपून वापरली.

रविवारी थोरला सलूनमध्ये आला तो फुगा घेऊन.

"हे काय?" अप्पांनी विचारलं. आता ते ओरडूनच बोलायचे, त्यामुळे साधं ऐकू यायचं.

"फुगा. फुग्याला साबण लावायचा आणि दाढी करायची. फुटला नाही तर पास. मी माहिती काढलीय, शिकाऊ लोक असंच शिकतात."

"शिकाऊ," अप्पा म्हणाले.

"कोणाला इजा नको, एवढंच म्हणणं आहे माझं."

"फुग्याला हनुवटी नसते. गळ्याची घाटी नसते. फुगा मधेच गिळत नाही. फुगा पास झाला तर तू म्हणशील, माणसाचं काय? नापास झाला तर म्हणशील, फुगासुद्धा वाचला नाही." बऱ्याच महिन्यांत अप्पा एका दमात एवढं बोलले नव्हते. ते थांबले, श्वास घेतला. "मला माणूस पाहिजे."

माणूस आणायचा कुठून, हा प्रश्न होता. गल्लीतले सगळे गळे दाढीखाली सुरक्षित होते. धाकटीनं गाल पुढं करून दाखवला, पण त्यावर करण्यासारखं काही नव्हतं.

आई थोरल्याकडे पाहत होती. या धावपळीत त्याची दाढी चांगली वाढली होती.

"बस," ती म्हणाली.

"मी?"

"मग बंद कोणाला करायचंय? मला?"

थोरला बसला. खुर्चीचे हात पकडून, विमानात बसतात तसा. धाकटीनं त्याच्या गळ्याभोवती पांढरं कापड बांधलं आणि गाठ जरा जास्तच घट्ट मारली. अप्पांनी घड्याळाकडे पाहिलं. गोळीचा जोर होता. त्यांनी ब्रश गोल गोल फिरवून फेस केला आणि तोंडभर लावला. एकदा ओठांवर फेस आल्यावर थोरल्याला बोलायची सोय राहिली नाही. सुरक्षा अधिकाऱ्याला गप्प करायचा हा उपाय कारखान्यात अजून कोणाला सुचलेला नव्हता.

अप्पांनी वस्तऱ्याला नवं पातं लावलं. वस्तरा उजव्या हातात घेतला आणि हात खाली सोडून क्षणभर उभे राहिले. आरशात थोरल्याला तो हात दिसत होता. हलत होता. पात्यावर खिडकीतला उजेड थुईथुई नाचत होता. थोरल्यानं डोळे मिटले, मग डॉक्टरबाईंचं आठवून उघडले. ते मिटलेले असते तर बरं झालं असतं, असा चेहरा त्यानं फेसाच्या आत केला.

हात वर आला. कानाजवळ पोचेपर्यंत तो हलत होता. डाव्या हातानं अप्पांनी गालाची कातडी ताणली. पातं कातडीला टेकलं, आणि हात थांबला. नुसता थांबला नाही, कामाला लागला. कर्रर्र करत पातं गालावरून खाली उतरलं, सरळ, सावकाश. मागे गुळगुळीत पट्टा राहिला. अप्पांनी पातं पुसायला हात खाली घेतला. हात हलला. वर नेला. थांबला. असं दर वेळी. सलूनमध्ये दुसरा आवाज नव्हता. धाकटी बोटांच्या फटीतून पाहत होती. व्यायामशाळेत शंभर किलो उचलणारे पाहून ती जांभई देते.

एक गाल झाला. दुसऱ्या बाजूला जायचं, तर खुर्चीला वळसा घालायला हवा. वळायचं म्हटलं की पार्किन्सन्स आपलं अस्तित्व दाखवतो. अप्पा अर्ध्या वळणावर अडकले. वस्तरा हातात, पाय फरशीला खिळलेले, धड थोरल्याकडे कललेलं. थोरल्याचा हात आपोआप कापडाखालून वर यायला लागला, धरायला, ओढायला.

"हात खाली," आई म्हणाली.

हात खाली गेला.

अप्पांनी घाई केली नाही. वस्तरा त्यांनी आधी मिटून आरशाखालच्या फळीवर ठेवला. वजन या पायावर घेतलं, त्या पायावर घेतलं. बाकावरून आईनं कात्री वाजवली. कच, कच, कच, कच. अप्पांनी समोरच्या पांढऱ्या फरशीकडे पाहिलं आणि पाऊल टाकलं. मग काळीवर. मग पांढरीवर. मोठा वळसा घेऊन ते दुसऱ्या बाजूला पोचले, वस्तरा उचलला आणि म्हणाले, "मान वर."

शेवटी गळा आला. थोरल्यानं आयुष्यात पहिल्यांदाच कोणतीही अट न घालता मान मागे टाकली. पातं हनुवटीखालून घाटीपर्यंत आलं. त्याच क्षणी तो आवंढा गिळायला लागला. अप्पांनी पातं दोन बोटं वर उचललं, गिळू दिलं आणि पुन्हा टेकवलं. फुगा कसा गिळत नाही ते त्याला तेव्हा नीट कळलं.

वेळ लागला. पूर्वी एवढ्या वेळात अप्पांनी तिघांची दाढी केली असती. ओल्या टॉवेलनं त्यांनी तोंड पुसलं, तुरटीचा खडा उगाचच फिरवला, कारण कापलेलं कुठं नव्हतंच. लोशनची बाटली धाकटीनं त्यांच्या हातातून काढून घेतली आणि बेतानं लावलं.

"किल्ली," अप्पा म्हणाले.

थोरल्यानं खिशातून जुडगा काढला. कडी घट्ट होती, आणि त्याची बोटं अशी कापत होती, की ती काही केल्या उघडेना. आईनं जुडगा घेतला आणि दातांनी कडी फाकवून किल्ली काढून दिली.

"आता ऐक," अप्पा त्यांच्या नव्या, मोठ्या आवाजात म्हणाले. "वस्तरा गोळीचा जोर असेल तेव्हाच. जोर नसेल तेव्हा नुसती कात्री. कात्रीही नको म्हणाली, तर गिऱ्हाइकानं वर्तमानपत्र वाचायचं. आणि एक दिवस हा हात मला स्वतःच सांगेल, की बस. त्या दिवशी किल्ली मी तुझ्या हातात देईन. तू मागायला यायचं नाहीस."

"तुम्हाला कळेल?" थोरल्यानं विचारलं. पहिल्यांदाच तो खरोखर विचारत होता.

"हात माझा आहे."

थोरल्यानं आरशात गाल फिरवून पाहिला, गळ्यावरून बोटं फिरवली. मग तो उठला आणि मागच्या मोरीपाशी जाऊन वाकला. उखडलेल्या फरश्या कुठल्या ते त्यानं मोजपट्टीनं मोजून घेतलं. बसवायच्या त्या काळ्यापांढऱ्याच, असं त्यानं दोनदा बजावलं. अप्पा आपल्या खुर्चीत बसले. हात मांडीवर थरथरत होता. त्याच्याकडे त्यांनी विशेष लक्ष दिलं नाही. चेहरा कोराच होता. "आज खूश आहेत," धाकटी म्हणाली, आणि यावेळी तिचं बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी सलून उघडलं नाही. सोमवारी ते बंदच असतं.